चमचाभर

टेबल चार. मटण दोन. परत.

"उस्ताद, चार नंबरने ताटल्या परत पाठवल्यात." वेटरने रसात बोट बुडवून चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "मटणात मीठ घातलंय की मिठात मटण?"

आठवड्यातली तिसरी वेळ.

आचाऱ्याने बेसिनपाशी उभ्या असलेल्या मावशीकडे पाहिलं. भांडी घासणं हे तिचं काम. तिने साबणाचे हात फडक्याला पुसले, चमचा घेतला, फुंकर घातली, चाखलं.

"बरोबर तर आहे," ती म्हणाली.

पण म्हणण्याआधी तिने वेटरच्या तोंडाकडे पाहिलं होतं, मग आचाऱ्याच्या. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावतात तसं.

सकाळीच ती दोनदा म्हणाली होती, "मीठ कमी आहे रे." आणि त्याने दोनदा घातलं होतं.

टेबल एक. सूप तीन. नासपती एक.

गल्लीतला सात टेबलांचा बार. दारात मालकिणीच्या वडिलांच्या काळातलं लाकडी पिंप. इथलं सगळं रममध्ये. मटण रममध्ये शिजायचं, कांद्याच्या सुपात रम पडायची, नासपती रममध्ये मुरायच्या. "आता पाण्यातच तेवढी घालायची राहिलीय," असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि दर वेळी नव्याने हसायची.

आचारी इथे नऊ वर्षं होता. नऊ वर्षांत त्याने इथला एक घासही खाल्ला नव्हता. घरून डबा आणायचा. कोणी विचारलं तर पित्ताचं पथ्य सांगायचा.

इस्पितळातून सुटल्यावर त्याला हे एकच काम मिळालं होतं. बायको म्हणाली, "जगात दुसरी चूल नव्हती का?" तो म्हणाला, "साप डोळ्यांसमोर असलेला बरा. घरात शिरून दिसेनासा झाला की झोप लागत नाही." तेव्हापासून तो कामावरून आला की चपला काढण्याआधी दारात तोंड उघडून उभा राहायचा. ती हुंगायची. मग तो चपला काढायचा.

रम ओतताना तो बाटली लांब धरायचा, श्वास रोखायचा, चारपर्यंत मोजायचा. ते जमायचं.

चाखणं जमायचं नाही. पहिल्याच आठवड्यात त्याचा चमचा तोंडापाशी अडकला होता. मावशीने न विचारता तो काढून घेतला, चाखलं, म्हणाली, "मीठ हवं थोडं." आणि भांड्यांकडे वळता वळता म्हणाली, "माझ्या घरीही होता एक पिणारा." त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नाही. रोज तो फक्त "मावशी, बघ गं" म्हणायचा.

"दारू उकळून उडून जाते हो, उरते नुसती चव," वेटर बाहेर गिऱ्हाइकांना समजावायचा.

आचाऱ्याला चवीचीच तर भीती होती.

टेबल चार. थांबलंय.

मालकीण स्वतः आत आली. परत आलेल्या ताटलीतला चमचाभर रस तिने त्याच्यापुढे धरला.

"चाखा, उस्ताद."

"दुसरं टाकतो, बाई. चढवतो लगेच."

"टाकाच. पण आधी हे चाखा. काय चुकलंय ते तुम्हाला कळायला नको?"

त्याने चमचा घेतला. नाही. चमचा त्याच्या हातात आला. तपकिरी रस, वर तेलाचा एक थेंब. चमचा ओठांकडे निघाला. नाही. मानच खाली झुकली होती. वास आला. गोड, जळका. त्याच्यामागून उलटी पडलेली खुर्ची आली, आणि आतून कडी घातलेलं दार, आणि दारापलीकडे बायकोचं न रडणं.

एका चमच्याने काय होतंय?

हे वाक्य ओळखीचं होतं. एके काळी ते रोज त्याच्याच आवाजात यायचं.

"दे इकडे," मावशी पुढे आली.

"मावशी, तुम्ही भांडी बघा."

मावशीने भांडी बघितली नाहीत. तिने ताटलीच उचलली आणि उभ्या उभ्या खायला लागली. एक घास. दुसरा. "झकास झालंय," ती म्हणाली. तिसरा. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. वेटर हसता हसता थांबला.

म्हणजे तिच्या जिभेची चव गेली होती. महिना झाला असेल, दोन झाले असतील. तिने सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर चमचा त्याच्याकडे आला असता.

त्याने चमचा ओट्यावर ठेवला.

"बाई, मी चाखत नाही."

"म्हणजे?"

"कधीच नाही. प्यायचो मी. आता थेंबही चालत नाही."

मालकिणीने शेगडी बारीक केली.

"मग इतकी वर्षं कोण चाखत होतं?"

मावशीचा हात वर यायला लागला.

"कोणी नाही," तो घाईने म्हणाला. "अंदाजाने करत होतो. अंदाज चुकला."

मालकिणीने त्याच्याकडे पाहिलं. मग मावशीकडे, तिच्या हातातल्या रिकाम्या ताटलीकडे. आज घरी लवकर जावं लागणार, तेही कायमचं, असं त्याला वाटलं. दारात तोंड उघडून उभं राहिल्यावर काय सांगायचं, हेही तो जुळवायला लागला.

"म्हणून डबा आणता होय," ती म्हणाली. "मला वाटायचं, आमचं जेवण तुमच्या घशाखाली उतरत नाही." ती दारापाशी थांबली. "पातेलं उतरवायच्या आधी एक चमचा मला काउंटरवर येऊ दे. महिनाभर बघते. पुढचं पुढे."

टेबल चार. मटण दोन.

नवं मटण शिजलं. मीठ त्याने मोजून घातलं. चमचा भरून तो काउंटरकडे निघाला. थांबला. बेसिनकडे वळला.

"मावशी, बघ गं."

मावशीने हात पुसले. चमचा घेतला, फुंकर घातली, चाखलं. डोळे मिटले. या वेळी तिने कोणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही.

"झालं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, पातेल्यावर झाकण ठेवलं. मग झाकण पुन्हा उचलून दुसरा चमचा भरला, हात लांब केला, आणि श्वास रोखून तो वेटरच्या हाती काउंटरवर पाठवला.