रावसाहेबाचे दोन बांबू

पौषातल्या सकाळी दत्तोबा बांबूभोवती गोणपाट लावत होता आणि शालू ओट्यावर चहाचा कप धरून त्याची मजा बघत होती. वारं असं सुटलं होतं, की गोणपाटाचं एक टोक बांधावं तर दुसरं त्याच्याच तोंडावर येऊन बसायचं.

"टोपडं बी शिवून देऊ का त्येला?" शालूनं विचारलं. "आनंद तान्हा असताना एवढी काळजी केली न्हाई तुमी."

दत्तोबानं गाठ आणखी आवळली. तोंडात सुतळी होती, आणि बायकोचं म्हणणं खरंही होतं.

वाघोलीच्या अलीकडे, माळाच्या उंचवट्यावर या नवराबायकोचं घर. गाव महापालिकेत गेलं, शेतं बिल्डरकडे गेली, आणि राहता राहिलं घर आणि त्याच्या लगतचं शालूचं परसू. त्यात शेवंती, मेथी, वांगी, घेवड्याचा मांडव. मग उगवतीला दोन टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मधली फट वाऱ्याला आंदण मिळाल्यासारखी झाली. पावसाळ्यात पश्चिमेचं वारं भिंतींवर आपटून उलटं फिरायचं आणि घेवडा मांडवासकट लोळवायचं. थंडीत फटीतून असं बोचरं यायचं, की शेवंतीच्या कळ्या उमलायच्या आधीच करपायच्या.

शालूचा जीव घरापेक्षा त्या परसात होता. परसू टिकलं तर इथं राहू, नाहीतर आनंदकडे जाऊ, असं तिनं एकदाच पण स्वच्छ सांगून टाकलं होतं. लेक आनंद त्यातल्याच एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहायचा आणि त्यानं आईबापासाठी एक खोली सजवूनही ठेवली होती. त्या खोलीचा विषय निघाला, की दत्तोबा उठून परसात जायचा. जन्मभर जमिनीवर चाललेल्या माणसानं आभाळात बसून करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं.

म्हणून त्यानं बांबू लावला. माणगा जातीचा, फटीच्या तोंडावर, आडवी ओळ धरून. टोमॅटोची झाडं तारेला करकचून बांधायची जन्माची सवय, तसाच त्यानं पहिल्या वर्षी प्रत्येक बांबू लोखंडी अँगलला आवळला. आषाढातल्या वाऱ्यानं त्यातले बरेच मोडले, नेमके जिथं गाठ होती तिथंच. उरलेले दत्तोबानं घाबरून सोडून दिले, तर ते वाऱ्याबरोबर जमिनीपर्यंत वाकले आणि वारं गेल्यावर उठून उभे राहिले. पुढं थंडीत पानं वाळून चिपाड झाली. शालूनं माळ्यावरची बॅग खाली काढली. दत्तोबानं बुडाशी नखानं उकरून बघितलं, आत ओल होती, हिरवं होतं. त्यानं बुंध्याशी उसाचं पाचट लोटलं, वाऱ्याच्या अंगाला गोणपाटाचा आडोसा केला, आणि ज्येष्ठात कोंब वर आले. ती बॅग मात्र शालूनं परत माळ्यावर टाकली नव्हती. पलंगाखाली सरकवून ठेवली होती.

आता हा तिसरा हिवाळा. बांबू डोक्याच्या वर गेला होता, मनगटाएवढा जाड झाला होता, आणि त्याच्या आडोशाला शेवंती पहिल्यांदाच कळ्यांनी भरली होती. शिमग्यापर्यंत हे असंच टिकलं, की आनंदच्या खोलीचा विषय कायमचा मिटणार होता.

आणि नेमक्या त्या सकाळी बाळ आला. नाव बाळ, पण मिशा पिकलेल्या. गावात कुणी गेलं, की मडकं, कापड, बांबू, सगळं गोळा करणारा माणूस हा. तो उगीच कुणाच्या दारात जात नसे, त्यामुळं त्याला फाटकात बघून शालूनं चहाचा कप खाली ठेवला. बाळनं बांबूच्या ओळीवरून नजर फिरवली, एका बांबूला चापट मारली, दुसरा जरा हलवून बघितला.

"सरळ आल्यात," तो म्हणाला. "रावसाहेबाचं काय खरं न्हाई बाबा. छाती भरलीय. हे थंडीचं दिवस काढल असं वाटत न्हाई."

गावची रीत दत्तोबाला माहीत होती. तिरडीचा बांबू ज्याच्या दारात असेल त्याच्याकडून न्यायचा. मागायचा नाही, नको म्हणायचं नाही, आणि पैसे तर कुणी काढायचेच नाहीत. पूर्वी ओढ्याकाठी बांबूचं बेट होतं, ते रस्त्याखाली गेलं. आता गावात उभा बांबू एकाच दारात होता. दोन लांब, आणि आडव्या काठ्यांसाठी आणखी दोन-तीन. म्हणजे ओळीत मधोमध सताड दार उघडणार, आणि वारं थेट शेवंतीवर.

रावसाहेब हा दत्तोबाचा थोरला चुलतभाऊ. घर समोरच, पण कित्येक वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. भांडण बांधावरून होतं. पुढं दोघांनीही आपापली शेतं एकाच बिल्डरला विकली. तो बांध इमारतीच्या पोहण्याच्या तलावाखाली गडप झाला, तरी भांडण शाबूत होतं.

बाळ गेल्यावर दत्तोबानं डोक्याला मफलर गुंडाळला आणि सरळ रावसाहेबाचं घर गाठलं. रावसाहेबाची सून हेमा दारातच थबकली. आत रावसाहेब खोकत पडला होता आणि उगवतीच्या खिडकीतून तेच फटीतलं वारं थेट त्याच्या छातीवर येत होतं. दत्तोबानं जास्त विचार केला नाही. बांबूला जे मानवलं तेच त्यानं भावाला केलं. खिडकीला बाहेरून गोणपाट ठोकलं, खाट आतल्या भिंतीला सरकवली, खाली गादीवर गादी घातली. ऊन आलं की अंगणात काढायचं, कललं की आत घ्यायचं, असं हेमाला बजावलं. दुपारी रिक्षा आणून त्याला डॉक्टरकडे नेलं. जाता-येता दोघंही एक अक्षर बोलले नाहीत.

मग हे रोजचंच झालं. सकाळी आधी बांबूचा आडोसा बघायचा, मग रावसाहेबाचा. गाव चकित झालं. देवळात लोक एकमेकांना सांगू लागले, की रक्त शेवटी रक्ताकडं धावतं, असा भाऊ पाहिला नाही. दत्तोबा मान खाली घालून ऐकायचा आणि लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस. शालू फक्त घरी आल्यावर विचारायची, "आज कुणाची पानं हिरवी हायेत? बांबूची का भाऊजींची?"

दत्तोबाला लाज वाटायची. पण गंमत अशी झाली, की एके दिवशी डॉक्टरकडे गर्दी होती म्हणून परत यायला उशीर झाला, आणि घरी आल्यावर आपण दिवसभरात बांबूकडे बघितलंच नाही हे त्याच्या ध्यानात आलं. तो फाटकातच उभा राहिला. रावसाहेब गेला तर आपल्याला वाईट वाटणार आहे, बांबूपेक्षा जास्त वाटणार आहे, हे त्याला त्या घडीला पहिल्यांदा कळलं आणि त्याचा त्याला रागही आला.

माघ सरता सरता रावसाहेबाचा खोकला उतरला. एका सकाळी तो काठी टेकत स्वतःच रस्ता ओलांडून आला. शालूनं बांबूच्या आडोशाला खुर्ची टाकली. पलीकडे वारं घोंघावत होतं, अलीकडे शेवंती पिवळीधमक फुलली होती आणि तिच्या पानालाही धक्का नव्हता. रावसाहेबानं ते सगळं नीट बघून घेतलं.

"दत्त्या, तू कशापायी येत व्हतास ते मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय," तो म्हणाला. "बाळ आधी माज्याकडंच आलता. तुजं बांबू बघाय चाललोय, असं सांगून गेला."

दत्तोबा खुरपं घेऊन शेवंतीच्या बुडाशी वाकला.

"म्या बी त्येला सांगून ठिवलंय. माजी येळ आली, की पुण्यातल्या दुकानातनं आण बांबू. माज्या भावाच्या दारातल्याला हात लावायचा न्हाई. शालूची फुलं मरत्याल."

हे ऐकून दत्तोबानं खरं तर सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. त्याऐवजी तो खुरपं टाकून उसळला.

"दुकानातला बांबू? माज्या दारात एवढा बांबू उभा असताना माजा भाऊ दुकानातल्या बांबूवर जाणार? गावात तोंड दाखवायला जागा ठिवतोस का न्हाई मला?"

"मग तुज्या वाऱ्याचं काय?"

"वाऱ्याचं मी बघीन. तू माज्याच बांबूवर जायचं. आत्ताच्या आत्ता दोन निवड, मी खुणंचं फडकं बांधून ठिवतो."

इतक्या वर्षांचं मौन सुटलं ते असं तावातावानं. समोरून हेमा धावत आली, तिला वाटलं बांधाचं पुन्हा निघालं. शालू मात्र आत गेली. तिनं पलंगाखालची बॅग ओढून काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि हेमाला हाक मारून माळ्यावर चढवायला लावली. दोन तोडले तर पावसाळ्यात चार नवे येतात, हे एव्हाना तिलाही कळलं होतं. आणि दोघं भाऊ नव्याने भांडायला लागलेले असताना नवव्या मजल्यावरून काय ऐकू येणार होतं.

बाहेर रावसाहेब काठी टेकत ओळीनं चालला होता आणि दत्तोबा फडकं घेऊन त्याच्या मागं. पहिल्या बांबूवर रावसाहेबानं काठी आपटली. हा बारीक आहे. दुसरा बुडाशी वाकडा आहे. तिसऱ्याच्या पेरांना डाग आहेत, असल्यावर झोपून आपण जाणार नाही. शालूनं बाहेर आणलेला चहा निवून गेला, तरी रावसाहेबाच्या पसंतीला एकही बांबू उतरेना.

शेवटी तो खुर्चीवर टेकला.

"यंदा काय मनाजोगतं न्हाई," तो म्हणाला. "पुढच्या पावसाळ्यात नवं येत्याल, त्यातलं बघू."

दत्तोबानं फडकं घडी घालून खांद्यावर टाकलं.

"बघ की. घाई कुणाला हाय?"