जोडलेली पानं

सात नंबरचं कपाट रिकामं करायचं यादवसरांनी ठरवलं ते एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात. नाशिकरोडच्या आमच्या छोट्या वाचनालयात मी तेव्हा ग्रंथपाल होते आणि सर कार्यवाह. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांची छडी फक्त हातातून गेली होती, आवाजातून नाही.

सात नंबरात विज्ञान, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. मुंग्या, स्वप्नं, साथीचे रोग, हुंडा, माणसाला राग का येतो, असलं सगळं. अनुदान आलं तेव्हा एकेक पुस्तक मी स्वतः निवडून मागवलं होतं. माझ्या लग्नातल्या साड्यासुद्धा मी इतक्या निरखून घेतल्या नव्हत्या.

"मंगलाबाई, वर्षभरात याला कुणी हात लावलेला नाही," सर म्हणाले. "गणपतीपर्यंत बघतो. नाहीतर ही पुस्तकं माळ्यावर, आणि इथं कादंबऱ्या."

मी दुसऱ्याच दिवशी नियम काढला. कादंबरी हवी, तर सोबत सात नंबरचं एक पुस्तक न्यायचं.

"रेशनवर साखरेबरोबर मिलो ज्वारी गळ्यात मारायचे, तसं झालं हे!" बायका कुरकुरल्या. पण कादंबरीसाठी नेऊ लागल्या. पुस्तकांतल्या तारखेच्या चिठ्ठ्या जांभळ्या शिक्क्यांनी भरून गेल्या. मी खूश.

गणपती झाल्यावरच्या रविवारी सर तपासणीला आले. त्यांनी स्वप्नांवरचं पुस्तक काढलं, चिठ्ठी पाहिली.

"अकरा शिक्के! वा!"

मग पुस्तक उघडलं आणि थांबले. तेव्हा काही पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत. वाचणाऱ्यानं पट्टी घालून एकेक पान फाडत पुढं जायचं. हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत तसंच जोडलेलं होतं.

"अकरा जणांनी वाचलं आणि पान एकानंही फाडलं नाही? नुसता वास घेतला का?"

दुसरं पुस्तक तसंच. तिसरंही. माझे कान तापले. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? मी फक्त शिक्के मारत बसले होते.

"पुस्तकं फिरून आली म्हणायची," असं म्हणत सरांनी माळ्याला शिडी लावली.

चौथं रागावरचं होतं. ते उघडताच त्यांच्या धोतरावर पीठ सांडलं. पानं फाडलेली होती, पण बहात्तरपर्यंतच.

तेवढ्यात मालनबाई आत आल्या. देवळाली गावात त्यांची पिठाची गिरणी होती. माहेर निफाडकडचं आणि बोलणंही तिकडचंच.

"ते माझं हाय, सर. आठ दिवस भरले म्हणून काल परत दिलं. पुन्हा न्यायला आले."

"तुम्ही वाचता हे?"

"मग? दळण पडेस्तोवर काय करू? गिऱ्हाईकं लय भांडतात, माझं आधी, माझं आधी. पयले मी बी भांडायचे. आता बघत बसते, ह्याला राग आला तो दळणाचा का घरचा."

"आणि पुढची पानं?"

त्यांनी केसातला आकडा काढून दाखवला. "वाचीन तेवढंच फाडते. पुढचं आधीच फाडलं तर उगाच वाचल्यासारखं दिसतं."

मला ते चांगलंच लागलं. मी खरं सांगून टाकलं. "सर, शिक्के माझ्या जबरदस्तीचे आहेत. फाडलेली पानं तेवढी यांची."

सर काही बोलणार, तोच मालनबाईंनी विचारलं, "तुम्ही यातलं कंचं नेलं हो, सर?"

मी रजिस्टर उघडायला घेतलं.

"राहू द्या, मंगलाबाई," सर घाईनं म्हणाले. त्यांनी माणसाच्या स्वभावावरचं एक जाड पुस्तक उचललं. "दिवाळीपर्यंत मुदत वाढवली. आता शिक्के नाही, पानं बघायची."

मी नियम मोडीत काढला. बांबूची एक पातळ पट्टी दोरीनं कपाटाला टांगली, आणि कादंबरी मागायला येणाऱ्या प्रत्येकीला सात नंबरातली गोष्ट सांगू लागले. मुंग्यांची सांगितली की मुंग्यांचं पुस्तक जायचं. हुंड्याचं गेलं ते तर दोन घरांत भांडण लावून परत आलं, पण पानं सगळी फाडलेली!

धनत्रयोदशीला सरांनी आपलं पुस्तक टेबलावर ठेवलं. "बघा. संपूर्ण."

मी पानं चाळली. मध्येच सोळा पानं जोडलेली. अनुक्रमणिका पाहिली. प्रकरण सातवं, हट्ट.

शेजारी मालनबाई उभ्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं, आकडा काढला आणि पहिलं पान सरळ फाडलं.

"बसा, सर. तुम्हाला येळ झाला नसंल. मी वाचते."

सर बसले. मालनबाई अडखळत, पण मोठ्यानं वाचत होत्या. चौथ्या पानाला सरांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रागावले. बघते तर हसत होते.

सोळा पानं झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, उठले आणि महिन्यापासून माळ्याला टेकलेली शिडी स्वतः उचलून मागच्या खोलीत ठेवून आले.