आईला सोलला दाखवलं

सोलपासून दूर, दक्षिण किनाऱ्यावरच्या बोलग्योच्या बाजारात खुबे नावाचे शिंपले विकणाऱ्या बोंग-सुनला चक्कर आली तेव्हा ती नेमकी खुब्यांच्या टोपलीवरच पडली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "किती सांडले?"

शेजारी वाळवलेलं समुद्री शेवाळ विकणारी तिची मैत्रीण दक-रे म्हणाली, "खुब्यांना काय धाड भरलीय! तुझी कवटी वाचली ते बघ." आणि तिला बसमध्ये कोंबून ती जवळच्या ग्वांगजू शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथं हृदयाच्या विभागात डॉक्टर मा नावाची एक ठेंगणी, तुरुतुरु चालणारी बाई होती. तिनं सगळ्या तपासण्या केल्या आणि पडद्यावर बोंग-सुनला तिचंच काळीज दाखवलं.

"आजी, काळजातून रक्त बाहेर पडतं ना, त्या दाराला झडप असते. तुमची झडप वयानं कडक झालीय, पुरती उघडतच नाही. काळीज बिचारं आतून धक्के मारून दमतंय. म्हणून तुम्हाला दम लागतो, म्हणूनच चक्कर."

बोंग-सुननं पडद्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे उकळूनही तोंड न उघडणारा खुबा."

"अगदी तसाच."

"त्याला आम्ही पुढून हात लावत नाही. मागच्या सांध्यात चमचा घालून पिरगाळतो."

डॉक्टर मा खळखळून हसली. "आम्हीही मागच्या दारानंच येतो. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची, घडी केलेली नवी झडप त्यातून आत सोडायची आणि जुनीच्या जागी उघडायची. छाती कापायची नाही. पण आजी, रेंगाळू नका. औषधानं ही झडप मऊ होत नाही, आणि चक्कर यायला लागली म्हणजे काळजानं हात टेकलेत. पुढच्या आठवड्यात दाखल व्हा."

बोंग-सुनला सगळं पटलं. इथवर गोष्ट सरळ होती. मग तिनं थोरल्या मुलाला फोन केला.

चांग-ग्यू सोलला एका विमा कंपनीत साहेब होता. वर्षातल्या दोन सणांना त्याला आईची आठवण येई, तीही गाडीत तिच्या हातचं लोणचं न्यायला जागा असेल तर. पण आई आजारी म्हटल्यावर त्याच्यातला श्रावणबाळ खडबडून जागा झाला.

"ग्वांगजू? आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? काळजाचं ऑपरेशन आणि गावठी दवाखान्यात? लोक काय म्हणतील?"

"गावठी कसला रे! आत हरवायला होतं इतका मोठा आहे."

"ते काही नाही. मी सोलला प्राध्यापक गुकचा नंबर लावतो. टीव्हीवर येतात ते हृदयाचे डॉक्टर."

त्या मुलखाचा हा दंडकच आहे. सर्दी-पडसं कुठंही बरं करून घ्यावं, पण आजार मोठा असला की माणसानं वर जायचं, म्हणजे सोलला. आईला हाताशी असलेल्या डॉक्टरकडं सोपवणारा मुलगा म्हणजे कुळाला बट्टा. हाताशी असलेला डॉक्टर चांगला असूच शकत नाही. चांगला असता तर आपल्या हाताशी कशाला राहिला असता?

शिवाय चांग-ग्यूच्या पोटात एक जुनं दुखणं होतं. बोंग-सुनच्या थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या मुलानं गुडघ्यांसाठी सोलला नेलं होतं. तेव्हापासून दर वर्षी पितरांच्या पूजेला पितरांआधी गुडघ्यांचं स्मरण होई. सोलचा डॉक्टर कसा गोरापान, सोलची लिफ्ट कशी आवाज करत नाही. चांग-ग्यू ते ऐकत खाली मान घालून भात चिवडायचा.

प्राध्यापक गुकचा नंबर लागला तो थेट पानगळीत. वाटेत पूर्ण उन्हाळा आडवा पडला होता. मधल्या काळात मुलांनी आईची सेवा पार्सलनं केली. थोरल्यानं लाल जिनसेंग या ताकदीच्या मुळीचा अर्क पाठवला, लेकीनं भोपळ्याचा रस, त्यावर कडी म्हणून थोरल्यानं पुन्हा जिनसेंग, आधीपेक्षा मोठ्या खोक्यातला. डॉक्टर माच्या दवाखान्यातून नर्सचे फोन येत, आणि बोंग-सुन दर वेळी "मुलगा बघतोय" म्हणून ठेवून देई.

दक-रेनं खोक्यांची रास पाहिली आणि कपाळावर हात मारला. "यातलं कुठलं प्यायल्यावर झडप उघडते म्हणे?"

"गप गं."

"बाजारात गिऱ्हाईकाला फाडून खातेस, आणि पोरापुढं तोंडाला कुलूप?"

बोंग-सुननं खोकी भिंतीकडं सरकवली. घराच्या पायऱ्या चढताना ती आता मध्येच बसायची. एकदा तिथंच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि बऱ्याच वेळानं तिला स्वतःचाच हात पायरीवर पडलेला दिसला. ती भ्याली होती. पण खरं सांगायचं तर मरणाला भ्याली त्याहून पोराचं मन मोडायला जास्त भ्याली होती. असल्या भित्र्या मायेनंच जगातली निम्मी माणसं मरतात.

सोलच्या दवाखान्यात जत्रा भरली होती. सगळ्या प्रांतांतली म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या मागं एकेक कर्तव्यदक्ष मुलगा, आणि मुलाच्या हातात तपासण्यांच्या सीडीचं पाकीट. पुष्कळ ताटकळल्यावर बोंग-सुनचं नाव पुकारलं. प्राध्यापक गुकनी तिच्याकडं पाहिलं नाही, पडद्याकडं पाहिलं.

"कुठून आलात?"

"बोलग्योहून," चांग-ग्यू कमरेत वाकून म्हणाला.

"मग ग्वांगजूला डॉक्टर मांना का नाही दाखवलंत?"

"दाखवलं होतं," बोंग-सुन म्हणाली. "पुढच्या आठवड्यात दाखल व्हा म्हणाल्या होत्या."

"हे कधी?"

"उन्हाळा लागताना."

प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच वर पाहिलं, बोंग-सुनकडं नव्हे, चांग-ग्यूकडं. "माझी रांग वसंतापर्यंत भरलीय. ही झडप तेवढी थांबणार नाही. माझ्या स्वतःच्या आईची झडप डॉक्टर मांनी बसवली. मी त्यांना आत्ता फोन करतो, तुम्ही आजच खाली ग्वांगजूला जा."

"पण सर, इथंच सोलमध्ये दुसरं कुठं..."

तोवर नर्सनं पुढचं नाव पुकारलं होतं.

बाहेर आल्यावर चांग-ग्यू थोडा वेळ बावचळल्यासारखा उभा राहिला. मग त्याला विभागाच्या दारावरची प्राध्यापकांच्या नावाची चकचकीत पाटी दिसली आणि त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं.

"आई, इथं उभी राहा. अशी नको, पाटी झाकली जातेय. जरा हस की!"

बोंग-सुनला हसायला श्वासच पुरत नव्हता. पहिल्या फोटोत तिचे डोळे मिटले म्हणून दुसरा काढला. दुसऱ्यात कुणीतरी मध्ये आलं म्हणून तिसरा. तो लगेच भाऊबंदांच्या ग्रुपवर गेला: 'आईला सोलला प्राध्यापक गुकना दाखवलं.' अंगठ्यांचा पाऊस पडला. चांग-ग्यू तो मोजत होता, आणि भिंतीला धरधरून आई खाली बसत होती.

नवी झडप ग्वांगजूला बसली, मांडीतून, मागच्या दारानं. डॉक्टर मा तपासायला आली तेव्हा आधी हसली, मग खुर्ची ओढून बसली.

"झडप झकास उघडतेय, आजी. पण इतके महिने धक्के मारून काळीज थकलंय. उन्हाळ्यात आला असतात तर पुरतं भरून आलं असतं. आता ते तेवढं जोमानं चालायचं नाही. टोपली उचलायची नाही, कधीच."

खुब्यांचा हंगाम नुकता सुरू होत होता. चांग-ग्यू खिडकीजवळ उभा होता. 

थोड्याच वेळात त्याचा फोन वाजला. थोरल्या जाऊबाईंचा व्हिडिओ कॉल होता. चांग-ग्यूनं घाईघाईनं पडदा ओढला, खिडकीतलं ग्वांगजू झाकलं, फोन आईपुढं धरला आणि ओठांनीच विनवलं, "सोल म्हण. एवढं एकदा."

"काय गं बोंग-सुन!" जाऊबाईंचा गोल चेहरा फोनभर पसरला. "फोटो पाहिला हो! कसा आहे सोलचा दवाखाना? माझ्या गुडघ्यांच्या वेळी तर..."

बोंग-सुननं फोनच्या वरून मुलाकडं पाहिलं. केस पिकायला आलेला तो बाप्या शाळेत उशीर झालेल्या पोरासारखा घामाघूम झाला होता. तिला त्याची कीव आली. मग तिला टोपली आठवली.

"जाऊबाई," ती म्हणाली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचा श्वास वाक्याच्या शेवटापर्यंत पुरला, "मी ग्वांगजूत आहे. झडप इथंच बसवली. सोलला आम्ही फोटो काढायला गेलो होतो."