कान राहिलेत

स्टुडिओचं कुलूप रोज सकाळी संध्याच उघडायची. बाकीची मुलं अकराच्या पुढं, चहाबिहा उरकून, डोळे चोळत उगवायची. तोवर तिचं काम झालेलं असायचं. खिडकीजवळच्या लाकडी स्टँडवरची प्लास्टिकची पिशवी वर उचलायची, खालची फडकी एकेक करून सोडवायची, बाटलीतलं पाणी त्यांच्यावर शिंपडायचं आणि पुन्हा हलक्या हातानं गुंडाळून ठेवायची. फडक्यांच्या आत तिची आई होती. मातीची, मानेपासून वर, खऱ्या डोक्याहून जराशी मोठी.

माती वाळली की आक्रसते, आक्रसली की तडकते. काम चालू असेपर्यंत ती ओली ठेवायची, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण संध्याचं काम डिसेंबरातच थांबलं होतं. आता एप्रिल होता. खिडकीतून भट्टीसारखा वारा यायचा, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि ती खोलीवरच्या पिण्याच्या हंड्यातून बाटली भरून आणायची.

तिची आई, पारूबाई, गेली ती संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, देवगाव रंगारीला, स्वतःच्या ओसरीत, ज्वारी निवडता निवडता. संध्या तेव्हा कॉलेजच्या सहलीबरोबर बडोद्यात होती. फोन आला तशी ती गाड्या बदलत निघाली. गावानं थांबायचं तेवढं थांबून दिवस मावळता मावळता उरकून घेतलं. मातीला ती पोचली नाही. पोचली तेव्हा ओसरीत सतरंज्या अंथरल्या होत्या, निवडायची ज्वारी कुणीतरी सुपासकट कोपऱ्यात सरकवली होती, आणि आईचा चेहरा सोडून सगळं घर जागच्या जागी होतं.

एकतिसाव्या वर्षी वैजापूरच्या शाळेतली चित्रकलेच्या बाईची नोकरी सोडून ती शिल्पकलेच्या एम.एफ.ए.ला आली, तेव्हा भावकीनं तोंडं वाकडी केली होती. पारूबाईनं मात्र शेत वाट्यानं दिलं, शहरात लेकीच्या खोलीवर येऊन राहिली, आणि मॉडेल मिळत नाही म्हटल्यावर दुपारचा डबा घेऊन स्टुडिओत येऊन बसू लागली.

"माझं काय थोबाड करती? एखादी देखणी बघ की."

"देखणी फुकट बसत नाही, आई."

"मंग बराबर हाय. फुकटचा माल असाच असतोय."

बसणं कसलं, नुसतं बोलणं. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची सून माहेरी गेली ती आलीच नाही. "आई, तोंड बंद," संध्या ओरडायची, पारूबाई ओठ मिटायची, आणि दोन श्वासांनी पुन्हा, "पण मी काय म्हणते..." त्यामुळं मातीतल्या ओठांचा उजवा कोपरा किंचित उघडा राहिला होता. शिवराज सरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "याला आता हात लावू नकोस."

फक्त कान राहिले. पारूबाई डोक्यावरचा पदर काढायला तयार नव्हती. "तुझे सर येत्यात-जात्यात. पोरं हायत. कुणी नसलं की काढीन." मग हुरड्याचे दिवस आले. "संक्रांत झाली की येते, मंग कर तुझे कान," असं म्हणून ती एसटीत बसली.

कानांच्या जागी मातीचे दोन गोळे तेवढे थापलेले होते.

सरांनी तीन महिने विषय काढला नाही. एके दिवशी मात्र ते स्टँडपाशी येऊन थांबले. हनुवटीखाली केसाएवढी चीर गेली होती. मानेवर हिरवट बुरा धरला होता, आणि ओल्या मातीला कुबट वास सुटला होता.

"बाहेरचे परीक्षक महिनाअखेरीला येतायत," ते म्हणाले. "त्यांना फडकी दाखवणार का?"

"कान राहिलेत, सर."

"मग कर."

"आठवत नाहीत."

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईच्या भुवया, गळ्याचे दोर, वरच्या ओठावरची लव, सगळं बोटांना पाठ होतं. कानापाशी आलं की समोर पदरच यायचा. घरातल्या सगळ्या फोटोंत पदर होता, आधार कार्डावरसुद्धा.

सर चिरेकडं वाकले. "बहीण आहे ना त्यांना? घरातले कान बऱ्याचदा सारखे असतात. बोलाव. आणि संध्या, कान झाले की साचा घ्यायचा. मग नाही म्हणायचं नाही."

साच्याचीच तर भीती होती. मातीच्या डोक्यावर प्लास्टरचा थर चढवायचा, तो घट्ट झाला की दोन भागांत उघडायचा, आणि आतली माती खरवडून काढून टाकायची. मग त्या पोकळीत प्लास्टर ओतलं की तोच चेहरा पुन्हा मिळतो, पांढरा, कायमचा. पण आई समोर बसलेली असताना जिला बोटं लागली, ती माती उरत नाही. ती हौदात जाते, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तिचा घोडा करतो.

चतुराबाई मावशी कन्नडहून एसटीनं आली. पिशवीत धपाटे, कैरीचं लोणचं आणि स्वतःचा उशीचा अभ्रा. दारातूनच तिनं स्टुडिओ न्याहाळला, प्लास्टरचे हातपाय, मुंडकी, अर्धवट बैल.

"बाई, हितं तर सगळी जत्रा मोडून पडलीय."

संध्यानं फडकी सोडवली.  मावशी जवळ आली, पुन्हा दोन पावलं मागं गेली. आणि आवाज चढवूनच बोलली.

"व्हय गं, हिला इतके दिवस असं ओल्यात ठेवलं? हिला तर जरा गार वारं लागलं तरी शिंका यायच्या!"

"वाळली असती, मावशी."

"तोंड बघ कसं. आता बोलंल."

संध्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि अडखळत म्हणाली, "मावशी, तेवढा पदर... मी दार लावून घेते. आई तर काढायचीच नाही. सर असतात म्हणून."

मावशीनं तिच्याकडं पाहिलं आणि ती अशी हसली की खुर्ची करकरली. "सरांपायी? पारू? अगं, तिचे कान बघितले व्हते का कव्हा?" तिनं पदर मागं टाकला. "हे बघ. आमच्या बापाचे. सुपं हायत सुपं! शाळेत पोरं आम्हाला हत्तिणी म्हणायची. मी भांडायचे. ती पदर घ्यायची. लग्नाआधीपासून घेती ती पदर, आन् सासू म्हणायची, काय गुणाची सून!"

संध्याला हसू फुटलं. जानेवारीनंतर पहिल्यांदाच, आणि ते थांबेना. हातातला चिखल गालाला लागला तरी थांबेना. मावशीही हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

"मोठे कर," मावशी म्हणाली. "लाजू नको. तिनं लई लाजून घेतलं."

दुपार कलेपर्यंत कान झाले. मोठे, डोक्यापासून थोडे सुटलेले, वरच्या कडा पातळ. चेहरा एकदम तरुण दिसू लागला, शाळेतून भांडून आल्यासारखा. संध्या मागं सरून बघत राहिली. आता काहीच राहिलं नव्हतं. तिनं सवयीनं फडक्याकडं हात नेला आणि तो तिथंच थांबला.

मावशी मुक्कामी राहिली. दुसऱ्या दिवशी सर मदतीला आले. साच्याचे दोन भाग सुटे व्हावेत म्हणून पत्र्याच्या चकत्या कानांमागून डोक्यावरून रोवल्या. पहिला थर नीळ घातलेला, त्यावर पांढरा. प्लास्टर तापलं, मग निवलं. मागचा भाग सहज निघाला. पुढच्या भागात चेहरा अडकून होता, पाठीमागून उघडा.

"मी काढू?" सरांनी विचारलं.

"नको."

तिनं तारेचं अवजार बाजूला ठेवलं आणि हातानं माती काढायला घेतली. आधी मोठे गोळे निघाले, मग मऊ. कपाळाची माती, गालाची माती. अंगठा नाकात आतून गेला. ओठांपाशी ती हळू झाली. उजव्या कोपऱ्यातली माती करंगळीच्या नखानं काढावी लागली. बादली भरत गेली. बादलीत बघितलं तर ती नुसती माती होती. कुठली कुठची, ते सांगता आलं नसतं.

साचा धुऊन तिनं तो भिंतीला टेकवून उभा केला. आतला चेहरा फिका निळा, खोल, उलटा. सर प्लास्टर मोजायला पलीकडं गेले. मावशी बादली घेऊन दाराकडं निघाली, अर्ध्यावर थांबली, चार पावलं परत आली.

"संध्ये, ही मान वळवायली."

संध्याला हे ठाऊक होतं. खोलगट चेहरा डोळ्याला उठावाचा भासतो. आपण सरकलो की तो आपल्यामागं वळल्यासारखा वाटतो. पहिल्याच वर्षी शिकवतात. इतरांच्या साच्यांत तिनं हा भास शंभरदा पाहिला होता.

"माझ्याकडं बघायली," मावशी म्हणाली.

"माझ्याकडंही."

मावशी डावीकडं गेली, उजवीकडं गेली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. "ह्यात ते ओतलं की हे बंद व्हईल?"

"आधी दोन्ही भाग जोडून बांधायचे. बांधले की आत दिसणारच नाही. आणि ओतल्यावर हा साचा फोडायचा. मग ती एकीकडंच बघेल."

"मंग थांब जरा."

संध्या थांबली. सुतळीचं बंडल तिच्या हातात होतं. सर पलीकडून काही विचारायला वळले आणि न विचारताच पुन्हा पाठमोरे झाले. मावशी बघत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. भांडत असावी, किंवा घरची खबर सांगत असावी.

मग तिनं पदर नीट केला. "हं. बांध आता."

संध्यानं मागचा भाग उचलला. उचलला आणि तसाच हातांत धरून ती भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, हळू, जराही नजर न काढता. आई तिच्याबरोबर वळत गेली, अगदी शेवटपर्यंत.

परत येऊन तिनं एका भागावर दुसरा भाग बसवला, सुतळीचे वेढे दिले आणि पहिली गाठ आवळून धरली.

"मावशी," ती म्हणाली, "इथं बोट ठेव."