वासराची साखर

सोमवारी सकाळी साडेनऊला मला कळलं की अडीच वर्षं आम्ही ज्या साखरेचा डंका पिटतोय ती माणसाची नाहीच, वासराची आहे. तेव्हापासून मी जी तापलेय ती अजून निवलेली नाही.

साखर म्हणजे चहातली नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण मी साखरेवर काम करते म्हटलं की माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा विचारतो, "मग मी चहा बिनसाखरेचा घेऊ का?" आणि स्वतःच खो खो हसतो. तर, आपल्या पेशींच्या अंगावर प्रथिनं असतात आणि त्यांना साखरेच्या बारीक फांद्या फुटलेल्या असतात. असल्या प्रथिनाला ग्लायकोप्रोटीन म्हणतात. फांदीच्या टोकाची साखर धरून विषाणू आत शिरतो. टोक वेगळं असलं की त्याची पकडही वेगळी. एवढं कळलं तरी पुष्कळ.

आम्ही छातीठोकपणे छापलं होतं की सारखी सारखी छाती भरणाऱ्या मुलांच्या नाकातल्या पेशींवर एक वेगळंच टोक असतं आणि विषाणू नेमकं तेच धरतो. मग तीच साखर फवाऱ्यात भरायची आणि नाकात मारायची. विषाणू तिलाच चिकटून बसेल, पेशीला हात लावणार नाही. ही कल्पना आमच्या साहेबांची. त्यांना आम्ही पाठीमागे 'मुखपृष्ठ' म्हणतो, कारण काहीही दाखवलं तरी ते आधी विचारतात की हे मासिकाच्या मुखपृष्ठावर येईल का. पण पेशी वाढवलेल्या मी.

हॉस्पिटलात वीस मुलांवर फवाऱ्याची चाचणी ठरली. त्यात बहिणीची ठकी, वय वर्षं सहा. अट अशी की मंगळवारपासून मुलांचं रोजचं औषध बंद करायचं, म्हणजे फवाऱ्याचा गुण नीट कळेल. त्या औषधामुळे ठकी रात्री घरच्या अंथरुणात झोपते, नाहीतर वॉर्डात ऑक्सिजन लावून झोपली असती. बहीण सही करायला तयारच नव्हती. मी तिच्या मागे लागले. "अगं, माझ्या हातचं काम आहे," म्हणाले.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते ऐका. नाकातून पेशी निघतात चिमूटभर. त्या बशीत वाढवायच्या तर खाऊ म्हणून वासराच्या रक्तातलं सीरम घालतात. सगळेच घालतात. पण पेशी खाऊतली साखर उचलून स्वतःच्या अंगावर चढवतात. निरोगी मुलांच्या पेशींनी बशी आठवड्यात भरते, आजारी मुलांच्या रडतखडत तीन आठवडे घेतात. तीन आठवडे वासराचं खाल्लं, तर वासराचं टोक जास्त दिसणारच. आम्ही त्याला आजार म्हणालो!

मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पहिल्याच महिन्यात मी कामाच्या यादीत लिहिलं होतं की न वाढवलेल्या पेशी, थेट नाकातून काढून, तपासायच्या. साहेब म्हणाले, "इतक्याशा पेशींत काय दिसणार? सोडून द्या." मी ती ओळ खोडली. खरं सांगायचं तर तेव्हा बरंच वाटलं, एक किचकट काम टळलं म्हणून.

मागच्या महिन्यात सीरमची खेप अडकली म्हणून आजारी मुलांच्या पेशींच्या दोन बशा मी सीरमशिवाय, दुसऱ्या खाऊवर वाढायला ठेवल्या. सोमवारी पहिल्या बशीचा मशीनचा कागद आला. टोक गायब. आणि त्याच पेशींत विषाणू मजेत शिरला होता. त्याला त्या टोकाची काही पडलेलीच नव्हती.

कागद घेऊन मी तडक साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एका बशीवरून बोंब मारायची नसते. दुसरीही तपासा. आणि शुक्रवारपर्यंत बाहेर कुठे बोलू नका."

"उद्यापासून मुलांची औषधं बंद होणार आहेत, साहेब."

"म्हणूनच म्हणतो. घबराट नको."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तोंडातून काय निघालं? "बरं." आयुष्यात इतक्या जणांना फाडून खाल्लंय मी, कँटीनवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत, आणि जिथे फाडायचं तिथे मूग गिळून बसले. वर मनाची समजूतही घातली की विज्ञानात असंच करतात, आधी खात्री.

मंगळवारी सकाळी सातला बहिणीचा फोन आला. "ताई, आज औषध बंद ना गं? माझा हात धजत नाहीये."

"डॉक्टर सांगतात तसं कर," मी म्हणाले आणि बशा बघायला पळाले.

शुक्रवारी दुसरा कागद आला. अगदी तसाच. साहेबांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला. "पुढच्या लेखात मर्यादा म्हणून एक परिच्छेद टाकू. फवाऱ्याने अपाय तर काही नाही."

"फवाऱ्याने नाही. औषध बंद केल्याने आहे. मुलं आहेत ती, बशा नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला असणार, कारण शेजारच्या खोलीतली यंत्राची घरघर बंद झाली. "हे लाज सोडलेल्यांचं काम आहे, आणि त्यात मीही आहे." दोन्ही कागद उचलले आणि निघाले.

बहिणीने दार उघडलं तेव्हा आतून ठकीचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. ती खुर्चीत पुढे वाकून बसली होती, खांदे वर ओढलेले. कालपासून असं आहे, बहीण म्हणाली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वासरासकट. तिने कपाटातून जुनं औषध काढलं, ठकीला दिलं, हॉस्पिटलात जायचं म्हणून नवऱ्याला खाली गाडी काढायला पाठवलं. मग माझ्याकडे वळली.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी." तिने ठकीच्या अंगात स्वेटर घातला, बटणं लावली. "म्हणजे मंगळवारी मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो. खात्री नव्हती—"

"आणि ठकी यात नसती तर? आज आली असतीस का कुणाकडे?"

वाटेत येताना मी साहेबांना काय काय ऐकवायचं ते सगळं जुळवलं होतं. हा प्रश्न त्यात नव्हता. तिने ठकीला कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर, आणि दारातून म्हणाली, "एकोणीस आया अजून आहेत, ताई. त्यांना कुणी बहीण नाही प्रयोगशाळेत."

जिन्यावरून शिट्टी खाली खाली गेली. उरलेल्या मुलांची औषधं परत चालू करा, हे सांगायला मी वॉर्डाचा नंबर लावला. पलीकडून कोण बोलतंय म्हणून विचारलं, तेव्हा मी साहेबांचं नाव नाही सांगितलं, माझं सांगितलं.