माझ्या डोक्यातला खड्डा

मित्रांनो, मी एक जुना पिस्टन आहे आणि माझ्या डोक्यात बशीसारखा खोलगट खड्डा आहे. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. या खड्ड्याला हसलेल्या एका शहाण्याची हकीकत मी सांगणार आहे, आणि ती सांगताना गोड बोलायचा माझा मुळीच विचार नाही.

मला घडवले तेव्हाच हा खड्डा मुद्दाम ठेवला होता. सिलिंडरमध्ये वर जाऊन हवा दाबायची, हे माझे काम. ती किती पट दाबली जाते, त्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. आमच्या इंजिनाला टर्बो होता, म्हणजे शिट्टी वाजवत हवा आधीच कोंबून आत पाठवणारा पंखा. अशी कोंबलेली हवा मी आणखी फार दाबली, तर पेट्रोल नको त्या वेळी भडकते आणि आमच्या डोक्यावर घण बसतात. म्हणून तिला वर थोडी मोकळी जागा लागते. ती जागा माझ्या खड्ड्यात होती. इतकी साधी गोष्ट, पण भल्याभल्यांच्या टाळक्यात शिरत नाही.

गाडी ताईंची. डोंगरावरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून त्या एकट्याच. आम्ही चार पिस्टन भावांनी वर्षानुवर्षे त्यांना तो चढ चढवून दिला. कौतुक मात्र झाले टर्बोचे. "टर्बो काय ओढतो हो!" टर्बो ओढतो म्हणे! त्या शिट्टीबहाद्दराने कधी काही ओढलेले मी तरी पाहिले नाही.

पुढे आम्ही झिजलो, धूर निघू लागला. ताईंनी गाडी आपल्या धाकट्या भावाच्या गॅरेजात सोडली. भावाचा हात चांगला, पण कण्याच्या जागी ग्रीस भरलेले. त्याने सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून, मोठे केले. आता आम्ही त्यात ढिले पडणार, हे मलाही मान्य होते. आमच्यासारखेच खड्डेवाले, पण मोठ्या मापाचे पिस्टन मागवायचे, एवढेच बाकी होते.

तेवढ्यात ताईंचे यजमान खोके घेऊन हजर झाले. आत सपाट डोक्याचे चार पिस्टन, नव्या मापात बसणारे, पण बिनटर्बोच्या गाडीचे. मला उचलून ते खो खो हसले.

"अरे, याच्या डोक्यात खड्डा! तरीच गाडी मरगळली होती. हे सपाट टाक. कॉम्प्रेशन वाढलं की ताकद वाढते."

"भाऊजी, सिलिंडरवरचं झाकण, हेडपण घासून आणलंय," भाऊ पुटपुटला. "वरची जागा आधीच कमी झालीय. एकदा मोजून बघू या का?"

"मोजायचं काय त्यात? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

झाले! बहिणीच्या नवऱ्याला नाही कसे म्हणायचे? भावाने मान डोलावली आणि वर चहा मागवला. चार सपाट टकले आत बसले. मला बाकावर ठेवून माझ्यात वॉशर भरले.

पहिले काही दिवस गाडी उधळली. भाऊजी गल्लीभर मिरवले. मग एका दुपारी दवाखान्यातून बाळंतपणासाठी फोन आला, आणि ताई निघाल्या. अर्ध्या चढावर इंजिन खडखडले आणि बंद पडले. गाडी ओढून आणली, तेव्हा घण बसून बसून एका सपाट पिस्टनचा काठ उडालेला होता. खोटे कशाला बोलू, त्याला माझ्या शेजारी ठेवला तेव्हा मला बरे वाटले. ताई येईपर्यंतच.

"मी बॅग घेऊन पळत वर गेले," त्या भावाला म्हणाल्या. "बाळ निळं पडलं होतं. रडायला किती वेळ लावला त्यानं! तुला माहीत होतं ना हे होणार?"

"ताई, भाऊजींना नाही कसं म्हणू?"

"त्यांना नाही म्हणायला जीभ रेटली नाही. मला या गाडीत बसवून चढावर पाठवलंस, ते बरं जमलं!"

भाऊजी दारापर्यंत आले आणि तिथूनच परत गेले. तेवढी अक्कल त्यांना होती. ताईंनी बॅगेतून सिरिंज काढून बाकावर ठेवली.

"मोज."

भावाने वॉशर काढून मला पुसले आणि खड्ड्यात किती मावते ते बघायला सिरिंजने माझ्यात पाणी सोडू लागला. मला त्याची दया आली नाही.

मित्रांनो, मी आता भंगारात जाईन. माझ्यासाठी हळहळू नका, तुमची हळहळ माझ्या काही कामाची नाही. इंजिन उघडाल तेव्हा समोर कोणीही बडा माणूस उभा असो, आतली जागा मोजल्याशिवाय ते बंद करू नका. आणि मोजायचा संकोचच वाटत असेल, तर त्या गाडीत स्वतः बसून चढावर जा. बहिणीला पाठवू नका.