घाटाच्या फाटकावरचा बदनाम सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि माणसांवर माझा राग आहे. आधी ऐकून घ्या, मग मला खडूस म्हणा.

डोंगरातल्या नारीन शहराच्या वाटेवर, घाटाच्या फाटकाशी मी राहतो. रस्ता खुला आहे की बर्फाने बंद, हे माझ्या एका फाइलीतून फाटकावरच्या पाटीवर उमटतं. उमेदीत माझा पंखा असा घुमायचा, की कुरणातल्या मेंढ्या हेलिकॉप्टर उतरतंय समजून आडव्या पडायच्या. तेव्हा सगळे माझं कौतुक करत.

मग अधूनमधून पाटी कोरी पडू लागली. ‘फाइल सापडत नाही’, एवढंच मी म्हणायचो. क्षणात ती सापडायचीही. पण तोवर ट्रकवाले खवळलेले असायचे. मग फाटकाचे साहेब तोक्तोसुन यायचे, कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा पेला माझ्याच डोक्यावर ठेवायचे, एक लाथ घालायचे आणि मला बंद करून चालू करायचे. त्यात सगळा पुरावा पुसला जायचा. डिस्क बदलली, तरी तेच.

“सडलंय म्हातारं,” ते म्हणाले. “शनिवारी भंगारात.”

“बायके, आधी तुमचा पाय आवरा,” बेगिमाय म्हणाली. यंत्रांची देखभाल तिच्याकडे. थोरल्या भावाला म्हणतात तसं ‘बायके’ म्हणाली खरी, पण गोडवा नव्हता. “मी याच्या कर्नलवर ट्रेसिंग लावते.”

“लाव. नाही सापडलं तर या खटाऱ्याबरोबर तूही जाशील.”

कर्नल म्हणजे माझा गाभा. फाइल उघडायची, लिहायची, पुसायची, तर प्रत्येक प्रोग्रामला त्याच्याच दारातून जावं लागतं. बेगिमायने त्या दारावर पहारा बसवला: कोण आलं, कधी, कशाला.

पाटी पुन्हा कोरी पडली. साहेब धावले. बेगिमाय माझ्यापुढे उभी राहिली.

“लाथ मारायचीच तर मला मारा. आधी हे वाचा. एकाने फाइल पुसली. मग पाटीने मागितली, मिळाली नाही. मग त्यानेच नवी आणून ठेवली.”

“कोण तो गाढव?”

“हवामानाची खबर आणणारा प्रोग्राम. तुम्ही लिहिलेला, बायके. जुनी पुसू नका, नवी थेट तिच्या जागी सरकवा. मधे फटच राहणार नाही.”

साहेबांनी पेला उचलला, पण प्यायले नाहीत. दुरुस्ती मात्र लगेच केली.

पाटी परत कधी कोरी पडली नाही. बाहेर ते सांगतात, ‘नवी डिस्क टाकली.’ बेगिमायची माफी मागितली, तीही खोकल्यात गुंडाळून. माझी नाहीच.

मित्रांनो, यंत्र अडलं तर आधी नीट बघा, कोण कधी काय करतंय. मग खुशाल लाथ घाला, पण ज्याची त्याला.